पेशंट कुणाचा, आधी ते ठरवा

"राज्यातल्या सगळ्यांनी एकत्र येऊन कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी प्रायमरी केअर, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडचे पहिल्या पायरीचे उपचार, सुधारायची" या वाक्याला आजवर कुणी नाही म्हटलेलं मी तरी ऐकलं नाहीये आणि खरा घोळ तिथूनच सुरू होतो. गव्हर्नरच्या ऑफिसातले लोक मान डोलावतात, इन्शुरन्सवाले डोलावतात, हॉस्पिटलवाले तर सगळ्यात जास्त डोलावतात. मग एक कमिटी, कमिटीच्या पोटात चार वर्कग्रुप, आणि दीडदोन वर्षांनी एक गुळगुळीत रिपोर्ट ज्याच्या कव्हरवर डॉक्टरकडे बघून हसणारं बाळ असतं. क्लिनिकमधल्या नर्सला विचारा काय बदललं, तर ती म्हणते एक फॉर्म वाढला.

मी इथे अमेरिकेत एका राज्यात कम्युनिटी क्लिनिक्सच्या संघटनेत काम करते. घरचे विचारतात तू नक्की करतेस काय, तर मी सांगते याद्या जुळवते. त्यांना वाटतं मी टाळतेय, पण खरंच तेच काम आहे, आणि इतकी वर्षं हे बघून माझं मत असं झालंय की राज्यभराचं सहकार्य वगैरे जे म्हणतात ते शेवटी दोनच गोष्टींवर उभं राहतं किंवा पडतं. कुठला पेशंट कुणाचा ही यादी सगळ्यांची एक आहे का, आणि काम करणाऱ्याच्या हातात त्या कामाचे पैसे पडतात का. बाकी सगळं, व्हिजन स्टेटमेंट धरून, नंतर.

ज्यांना इथली सिस्टीम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते (ज्यांना माहीत आहे त्यांनाही ती कळलेली असते असं नाही). गरीब लोकांसाठीचा सरकारी इन्शुरन्स म्हणजे मेडिकेड. १९६५ साली मेडिकेअरबरोबरच (तो मुख्यतः म्हाताऱ्यांसाठीचा इन्शुरन्स) आला, पण मेडिकेअर पूर्णपणे केंद्राचं आणि मेडिकेड केंद्र आणि राज्य मिळून. केंद्र कमीत कमी निम्मा खर्च देतं, गरीब राज्यांना जास्त, आणि मग कुणाला घ्यायचं, डॉक्टरला किती द्यायचे, प्रायव्हेट इन्शुरन्स कंपन्यांमार्फत चालवायचं की स्वतः, हे बरंचसं राज्य ठरवतं. म्हणून इथे "राज्यभर" हा शब्द उगाच येत नाही, चाव्या खरोखरच राज्याच्या राजधानीत असतात. आणि डॉक्टरला मिळणारे पैसे? प्रायमरी केअरच्या त्याच व्हिजिटला मेडिकेअर जे देतं त्याच्या साधारण दोन तृतीयांश, देशभराची सरासरी धरली तर. २०१३ आणि २०१४ अशी दोन वर्षं केंद्राने पैसे घालून हा दर मेडिकेअरइतका केला होता, मग ते पैसे संपले आणि बऱ्याच राज्यांनी दर परत खाली आणला. त्यामुळे प्रायव्हेट डॉक्टर मेडिकेडचे पेशंट मोजून मापून घेतात, आणि उरलेले येतात आमच्यासारख्या क्लिनिक्सकडे, जिथे पैसे नाहीत म्हणून कुणालाही परत पाठवायचं नाही असा कायदाच आहे आणि इन्शुरन्स नसेल तर उत्पन्न बघून फी ठरते.

या क्लिनिक्सची सुरुवातही १९६५ चीच. बॉस्टनमधलं कोलंबिया पॉइंट आणि मिसिसिपीतलं माउंड बायू ही पहिली दोन. माउंड बायूला डॉ. जॅक गायगर उपाशी मुलांना चक्क जेवण प्रिस्क्राइब करायचे, दूध भाज्या मांस असं लिहून द्यायचे, दुकानदार ते भरून द्यायचा आणि बिल क्लिनिकच्या औषधांच्या खात्यातून जायचं. वॉशिंग्टनहून विचारणा झाली की हे काय चाललंय, तर त्यांचं म्हणणं, कुपोषणावरचं औषध अन्न हेच आहे, पुस्तकात तसंच लिहिलंय. ही गोष्ट आमच्या क्षेत्रात इतक्यांदा सांगितली जाते की नवीन लोक डोळे फिरवतात, पण मला ती आवडते, कारण त्यात कुठलीही कमिटी नाहीये! आज अशी साधारण चौदाशे सेंटर्स आहेत, तीन कोटींहून जास्त लोक तिथे जातात, आणि नियम असा की संचालक मंडळात निम्म्याहून जास्त लोक त्याच क्लिनिकचे पेशंट हवेत. हा नियम फार शहाणपणाचा आहे, त्याबद्दल पुढे.

तर यादी.

क्लिनिकला वाटतं आमचे बारा हजार पेशंट. इन्शुरन्स कंपनीच्या यादीत त्याच क्लिनिकच्या नावावर सात हजार, आणि त्यातले बरेचसे असे की ज्यांनी क्लिनिकचा उंबरठासुद्धा पाहिलेला नाही, कारण फॉर्म भरताना डॉक्टर निवडला नाही तर कंपनीचा कॉम्प्युटर जवळचा कुठला तरी डॉक्टर चिकटवून देतो. उलट जी बाई दर महिन्याला इथे ब्लड प्रेशर तपासायला येते ती कागदोपत्री गावाच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरची, जो दोन वर्षांपूर्वी रिटायर झाला. आता तिचं ब्लड प्रेशर आटोक्यात आलं तर त्याचा बोनस कुणाला? आणि ती इमर्जन्सीत गेली तर फोन कुणाला जाणार? रिटायर झालेल्या डॉक्टरच्या फॅक्स मशीनला. (हो, फॅक्स. अमेरिकेची आरोग्यव्यवस्था फॅक्सवर चालते, यावर वेगळा लेख लिहावा लागेल.)

मागे एका क्लिनिकमध्ये तिथल्या मेडिकल असिस्टंटशेजारी बसून तिचं काम बघत होते. तिला कंपनीकडून डायबेटिसच्या पेशंटची एक्सेल शीट आली होती, "या लोकांची टेस्ट राहिली आहे, बोलवा". पहिला नंबर बंद. दुसरा नंबर कुणा भलत्याचाच, तो वैतागलेला, कारण त्याला त्याच बाईसाठी तिसऱ्यांदा फोन आला होता, वेगवेगळ्या ऑफिसातून. तिसरी बाई भेटली आणि म्हणाली टेस्ट झालीये की, तुमच्याकडेच, तुम्हीच तर रक्त काढलंत. असिस्टंटने स्क्रीनवर बघितलं, खरंच झालेली होती, पण लॅबकडून निकाल आला तो स्कॅन केलेल्या चित्राच्या स्वरूपात, त्यामुळे कॉम्प्युटरला आकडा दिसतच नाही. तिने हाताने आकडा भरला, शीटवर एक ओळ हिरवी केली आणि पुढचा नंबर लावला. हे सगळं ती सकाळचे पेशंट आणि दुपारचे पेशंट यांच्या मधल्या वेळात करत होती आणि शेजारी तिचा सँडविच तसाच पडलेला. राज्याच्या कॉन्फरन्समध्ये ज्याला पॉप्युलेशन हेल्थ म्हणतात ना, ते हे.

म्हणून मी म्हणते की सहकार्याची पहिली बैठक ध्येयधोरणांची नको, याद्यांची घ्या. प्रत्येक क्लिनिक, प्रत्येक कंपनी, आणि मेडिकेडचं ऑफिस, तिघांनी आपापली यादी टेबलावर ठेवायची आणि कुठे जुळत नाही ते बघायचं. कंटाळवाणं काम आहे, फोटो काढण्यासारखं काही नाही, गव्हर्नर येणार नाही. पण हे न करता पुढे गेलात तर पुढचं सगळं वाळूवर.

दुसरं भांडण आकड्याच्या व्याख्येचं. आमच्याकडे एकदा सगळ्या क्लिनिक्सचे डायबेटिसचे आकडे एका तक्त्यात मांडले. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी जी एवनसी टेस्ट असते ती ९ टक्क्यांच्या वर म्हणजे साखर अजिबात आटोक्यात नाही, असा पेशंट किती टक्के, एवढाच प्रश्न. एका क्लिनिकचा आकडा इतका सुंदर की सगळे त्यांना विचारायला लागले तुम्ही काय करता, त्यांची नर्स मॅनेजरही जरा खुशीत येऊन सांगायला लागली. मग कुणीतरी विचारलं, ज्यांची टेस्टच झाली नाही त्यांना कुठे धरता? ती म्हणाली, त्यांना कुठे धरणार, आकडाच नाही तर. बस्स. कारण राष्ट्रीय व्याख्येत स्पष्ट आहे की वर्षभरात टेस्ट झालेली नसेल तर तो पेशंट "आटोक्यात नाही" मध्येच मोजायचा, आणि ते बरोबरच आहे, जो आलाच नाही तोच तर जास्त काळजीचा. बाकीच्यांनी तसं मोजलं होतं म्हणून त्यांचे आकडे वाईट दिसत होते. खोलीतली हवा एकदम बदलली. पण मला विचाराल तर त्या दिवशी त्या गटात पहिल्यांदा खरं बोलणं झालं, त्याआधी सगळं गोडगोड. शिवाय इन्शुरन्सवाले फक्त वर्षभर सलग इन्शुरन्स असलेलेच पेशंट मोजतात आणि क्लिनिक जो दाराशी आला त्याला मोजतं, त्यामुळे एकाच क्लिनिकचे दोन आकडे येतात आणि दोन्ही खरे असतात. हे ज्याला समजावून सांगता येतं त्या माणसाला प्रत्येक राज्याने पगार वाढवून द्यावा, मी अर्ज करायला तयार आहे.

आता पैशाचं. यात पेन्सिल्व्हेनियाचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. ते फक्त गरीब पेशंटसाठी नव्हतं, पण शिकण्यासारखं तेच आहे. २००८ मध्ये गव्हर्नर रेंडेल यांच्या काळात राज्याने पुढाकार घेऊन एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या इन्शुरन्स कंपन्यांना एका टेबलावर बसवलं. हे राज्यच करू शकतं, कारण कंपन्या आपणहून एकत्र बसून डॉक्टरांना किती द्यायचे ते ठरवायला लागल्या तर स्पर्धेच्या कायद्याखाली अडकतील, सरकारच्या देखरेखीखाली बसल्या तर चालतं. आग्नेय भागात, म्हणजे फिलाडेल्फियाच्या बाजूला, आधी सुरू झालं. तिथे क्लिनिक्सना "मेडिकल होम", म्हणजे पेशंटची सगळी काळजी एका जागी जुळवून बघणारं क्लिनिक, म्हणून सर्टिफिकेट मिळवण्यासाठी पैसे होते, जितकी वरची पातळी तितका मोठा बोनस. २०१४ मध्ये अभ्यास छापून आला, ३२ क्लिनिक्स, तीन वर्षं, आणि ११ क्वालिटी मापांपैकी फक्त एकात फरक, खर्चात आणि हॉस्पिटलच्या वाऱ्यांत काहीच नाही. सगळीकडे बोंब झाली की मेडिकल होम फेल.

पण पुढच्या वर्षी त्याच संशोधकांचा त्याच राज्याच्या ईशान्य भागाचा अभ्यास आला. तिथे रचना वेगळी होती. सर्टिफिकेटवर एवढा भर नव्हता, त्याऐवजी कंपन्या क्लिनिकला नियमितपणे कळवत होत्या की तुमचा कुठला पेशंट हॉस्पिटलात, इमर्जन्सीत गेला, आणि वाचलेल्या पैशात क्लिनिकला वाटा होता. तिथे डायबेटिसची तपासणी सुधारली आणि हॉस्पिटलात भरती होणं, इमर्जन्सीत जाणं दोन्ही कमी झालं. तेच राज्य, तेच गव्हर्नर, कल्पना साधारण तीच. एका ठिकाणी कागद रंगवायचे पैसे, दुसऱ्या ठिकाणी माहिती आणि वाटा. मला अजून कुणी याहून चांगला पुरावा दाखवलेला नाही.

व्हरमाँटने आणखी एक गोष्ट केली जी मला जाम आवडते. त्यांचं ब्लूप्रिंट फॉर हेल्थ २००३ चं, २००६ मध्ये त्याचा कायदा झाला. तिथे साधारण वीस हजार लोकवस्तीमागे एक कम्युनिटी हेल्थ टीम, नर्स, सोशल वर्कर, आहारतज्ज्ञ वगैरे मिळून पाचएक माणसं, आणि तिचा खर्च सगळ्या इन्शुरन्स कंपन्यांनी आणि मेडिकेडने वाटून घ्यायचा. त्यामुळे नर्सला फोन उचलताना बघावं लागत नाही की या पेशंटचं कार्ड कुठल्या कंपनीचं, आणि पेशंटलाही त्या टीमकडे जायला खिशातून काही द्यावं लागत नाही. आमच्यासारख्या ठिकाणी काय होतं, तर प्रत्येक कंपनीची स्वतःची केअर मॅनेजर, एकाच पेशंटला तिघी फोन करणार आणि दुसऱ्या पेशंटला कुणीच नाही. छोटं राज्य आहे म्हणून जमलं असं लोक म्हणतात, ते खरंही आहे, सगळे एकमेकांना नावाने ओळखतात तिथे. पण नॉर्थ कॅरोलिना काही छोटं नाही. १९९८ पासून त्यांनी कम्युनिटी केअर उभं केलं, पुढे राज्यातल्या १०० च्या १०० काउंटीज १४ नेटवर्कमध्ये बसवल्या. डॉक्टरला प्रत्येक मेडिकेड पेशंटमागे महिन्याला सुरुवातीला अडीच डॉलर, आणि नेटवर्कलाही वेगळे पैसे ज्यातून नर्स आणि फार्मासिस्ट ठेवायचे. सुरुवात केली ती दम्यापासून, कारण मुलांचा दमा वेळेत धरला तर इमर्जन्सीच्या वाऱ्या टळतात आणि फरक लवकर दिसतो, राजकारण्यांना धीर नसतो ना. पण कामं चांगली झाली म्हणून ती टिकतातच असंही नाही, २०२१ च्या जुलैत तिथलं मेडिकेड बहुतांशी कंपन्यांच्या हातात गेलं आणि राज्यभराचं काम ज्या पायावर उभं होतं तो पायाच बदलला.

स्पेशालिस्टचा प्रश्न वेगळा. मेडिकेडचा पेशंट स्पेशालिस्टकडे पाठवायचा म्हणजे महिनोन्महिने वाट, आणि गावाकडचा असेल तर दोनशे मैल गाडी. गाडीची सोय मेडिकेडमध्ये आहे हो, पण ती दोनतीन दिवस आधी सांगावी लागते, आली तर आली. न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये यावर जो उपाय काढला तो प्रोजेक्ट एको. पेशंटला अल्बुकर्कीला आणण्याऐवजी गावातल्या डॉक्टरांना आठवड्यातून एकदा व्हिडिओवर एकत्र बसवायचं, आपापली केस मांडायची, युनिव्हर्सिटीतले तज्ज्ञ आणि बाकीचे गावातले डॉक्टर मिळून ठरवणार. हेपटायटिस सी चा अभ्यास २०११ मध्ये आला तेव्हा युनिव्हर्सिटीत बरे होणारे ५७.५ टक्के आणि गावातल्या क्लिनिक्समध्ये आणि तुरुंगांत ५८.२, म्हणजे फरक नाहीच. मी अशा सेशन्सना बसलेय (दुसऱ्या विषयाच्या), आणि खरी मजा तज्ज्ञ बोलतात तेव्हा नसते, एका टोकाच्या गावातली नर्स प्रॅक्टिशनर (औषधं लिहून देऊ शकणारी, जास्त शिकलेली नर्स) दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरला सांगते की हे औषध मेडिकेड मंजूर करत नाही, त्याऐवजी असं लिही, तेव्हा असते. फक्त तो तासभर पेशंट बघायचे सोडून बसायचं, त्या तासाचं बिल कुणाला लावणार? परत पैसा.

लर्निंग कोलॅबोरेटिव्ह नावाचा जो प्रकार आहे, वर्षभर क्लिनिक्सच्या टीम एकत्र येणार, परत जाऊन छोटे बदल करून बघणार, आकडे घेऊन परत येणार, तो १९९५ पासून चालू आहे आणि कम्युनिटी क्लिनिक्समध्ये केंद्राने १९९८ पासून मोठ्या प्रमाणावर केला. २००७ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की तपासण्या वगैरे वाढल्या पण साखर किंवा ब्लड प्रेशर काही खाली आलं नाही. यावरून काही लोक म्हणतात सगळा टाइमपास आहे. मला तसं वाटत नाही. एका वर्षात टेस्ट वाढणार, साखर नंतर. आणि ज्याच्या घरी फ्रिज चालू नाही त्याला इन्शुलिन ठेवायला सांगून साखर खाली येत नाही, ते क्लिनिकच्या हातातच नाही, तिथे लोकांच्या घरांची सोय बघणारे, वीजवाले, अन्नवाटपवाले टेबलावर लागतात आणि त्यांना बोलवायची आठवण शेवटी येते.

तसंच पेशंटना. राज्याच्या कमिटीत "पेशंट प्रतिनिधी" म्हणून एक खुर्ची असते आणि मीटिंग मंगळवारी दुपारी दोनला, राजधानीत. तासावर काम करणारी बाई कशी येणार? आमच्या एका गटाने शेवटी मीटिंग संध्याकाळी घेतली, बसणाऱ्या पेशंटना तासाचे पैसे दिले, मुलं सांभाळायची सोय केली, तेव्हा एकीने पहिल्याच मीटिंगला विचारलं की तुम्ही पाठवलेलं पत्र इतकं भीतीदायक का असतं, आम्ही ते उघडतच नाही, वाटतं बिल आहे. त्या पत्रावर तोपर्यंत तीन डिपार्टमेंटच्या वकिलांनी नजर टाकलेली होती. क्लिनिकच्या बोर्डावर निम्म्याहून जास्त पेशंट हवेत हा नियम का शहाणपणाचा आहे ते अशा वेळी कळतं, आणि राज्यपातळीवर तो कुणी लावत नाही.

त्या न उघडलेल्या पत्राची किंमत २०२३ मध्ये कळली. कोविडच्या काळात कुणालाही मेडिकेडमधून काढायचं नाही असा नियम होता तो ३१ मार्चला संपला, राज्यांनी सगळ्यांची पात्रता परत तपासायला घेतली, आणि देशभरात अडीच कोटींहून जास्त लोक बाहेर पडले. त्यातले जवळपास ७० टक्के अपात्र ठरले म्हणून नव्हे, कागद आला नाही, पत्ता बदलला, फॉर्म अर्धा राहिला म्हणून. त्यावेळी जिथे राज्याने मुदत संपणाऱ्यांची यादी क्लिनिक्सना दिली तिथे रिसेप्शनवरची मुलगी सांगू शकत होती, ताई तुमचं पुढच्या महिन्यात संपतंय, आत्ताच भरूया का. जिथे नाही दिली तिथे पेशंट फार्मसीच्या खिडकीत उभा असताना त्याला कळलं.

आणि आता तेच परत येतंय, जास्त जोरात. जुलै २०२५ च्या नव्या कायद्याने मेडिकेडच्या विस्तारात, म्हणजे बऱ्याच राज्यांनी उत्पन्नाची मर्यादा वाढवल्यावर, नव्याने आलेल्या प्रौढांना महिन्याला ८० तास काम किंवा तत्सम काही दाखवावं लागणार, १ जानेवारी २०२७ पर्यंत सगळ्या संबंधित राज्यांत, आणि पात्रतेची तपासणी वर्षातून एकदाऐवजी सहा महिन्यांनी. म्हणजे कागद दुप्पट, आणि त्यावर तासांचा हिशेब. दीर्घ आजारी माणसांना सूट आहे, पण आजारी आहे हे सिद्ध कोण करणार, तर क्लिनिक, म्हणजे तीच मेडिकल असिस्टंट. आमच्या पुढच्या बैठकीचा अजेंडा मीच लिहिलाय आणि त्यात व्हिजन वगैरे काही नाही. पहिला मुद्दा, प्रत्येक पेशंटची मुदत संपायची तारीख क्लिनिकच्या स्क्रीनवर दिसण्यासाठी मेडिकेडचं ऑफिस रोज फाईल पाठवणार का, महिन्याला एकदा चालणार नाही. दुसरा, सूट मिळण्यासाठी डॉक्टरच्या सहीचा फॉर्म सगळ्या कंपन्यांचा मिळून एकच. तिसरा, हे फोन करणाऱ्या माणसांचे पगार कोण देणार, आणि यावर "आपण सगळे मिळून" असं उत्तर कुणी दिलं तर मी त्यांना आकडा विचारणार आहे.